पोरांसाठी काढलेली रेकॉर्ड

"मग माझ्या रेकॉर्डमध्ये कमी काय पडलं, मास्तर? सांगा ना!" इनासने विचारलं.

बस्त्याव मास्तर ओट्यावर बसून वाल सोलत होते.

इनास तुस्कानो हा त्यांचा सगळ्यात तयार शिष्य. मास्तरांनी तरुणपणी बोटीवर नोकरी करताना अमेरिकेतल्या खेड्यांची संथ गाणी गिटारवर उचलली होती. वसईला परतल्यावर ती सगळी त्यांनी इनासला दिली. त्याच गाण्यांवर इनासचं नाव झालं.

आणि पोक्त वयात इनासने रॉक अँड रोलवर नाचणाऱ्या पोरांसाठी रेकॉर्ड काढली. नुसती गिटार, शब्द एकही नाही. सगळ्या धुना धावत्या. कव्हरवर तो काळा गॉगल लावून मोटारसायकलला टेकून उभा होता.

रेकॉर्ड निघाली तेव्हा तो मास्तरांना सांगायलाही आला नव्हता. आज आला होता.

"कॉलेजात वाजवायला गेलो," इनास म्हणाला. "पोरं हसली. एक जण मागून ओरडला, 'अंकल, घरी जा!'"

"आणि तुझी जुनी माणसं?"

"ती म्हणतात, हा आमचा इनास नाही. आता लग्नात वाजवायलाही बोलवत नाहीत."

"हं..."

त्या हुंकाराने इनास भडकला.

"चूक तुमची आहे, मास्तर! तुम्ही मला म्हाताऱ्यांची गाणी शिकवलीत. जग कुठल्या कुठे गेलं, आणि मी तुमच्या त्या बोटीवरच राहिलो."

मास्तरांचा हात थांबला. चेहरा उतरला. त्यांनी वालाचं पातेलं बाजूला सरकवलं.

"गिटार आणलीस?"

"आणलीय."

"वाजव."

"तुमचं एखादं?"

"नाही. पोरांसाठी केलंस, ते."

इनासने गिटार मांडीवर घेतली. बोटं सपासप धावू लागली. एक सूर चुकला नाही, एक ठोका हलला नाही. वाजवता वाजवता तो मास्तरांचा चेहरा न्याहाळत होता.

धून निम्म्यावर आली आणि मास्तर उठले. वालाचं पातेलं उचलून स्वयंपाकघरात गेले. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

इनासची बोटं तारांवरच थिजली.

नळ बंद झाला.

"का रे थांबलास?" आतून आवाज आला.

"तुम्ही उठून गेलात..." इनास म्हणाला. "मास्तर, निदान तुम्ही तरी ऐकायचं होतं."

मास्तर ओल्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. डोळ्यांत राग नव्हता, मायाही नव्हती.

"इनास," ते म्हणाले, "पूर्वी तू वाजवायचास ना, तेव्हा समोर कोण बसलंय, हे तुला ठाऊकही नसायचं."