ओरडणारा ब्रेक

घाटाच्या उतारावर दादाची गाडी का थांबली नाही? प्राणी गाड्या हाकत असत, त्या काळी तुरक्या मुंगसानं हा प्रश्न साऱ्या रानाला विचारला. दरीतून वर आली ती नुसती गाडी, दादा नाही.

आज वहिनी पिल्लांना घेऊन त्याच गाडीतून घाटाखाली माहेरी निघाली होती, कायमची. ब्रेकचे जुने ठोकळे काढून तुरक्यानं स्वतःच नवे ठोकले.

“भाऊजी, सुतारपक्ष्याला बोलवा ना,” वहिनी म्हणाली.

“त्याला मूठभर अळ्या कशाला द्यायच्या? दादानं कधी बोलावलं होतं? त्याचं बघूनच शिकलोय मी!”

त्यानं ब्रेक ओढला. चाक किंचाळलं, पिल्लं दचकली. तुरक्यानं दादाची तेलाची बुधली उचलली. “दादाचा ब्रेक कधी ओरडला नाही. दर वेळी तेल पाजायचा तो.”

“ब्रेकला?” झाडावरून सुतारपक्षी ओरडला. “अरे वेड्या, तेल आसाला घालायचं! ठोकळ्याला लागलं तर चाक धरणार कोण?”

तुरक्याचा हात थांबला. त्यानं दादाचे जुने ठोकळे चाचपले. ते तेलानं बुळबुळीत झाले होते.

मग त्यानं बुधली दरीत भिरकावली. “काका, खाली या. मी ठोकलेलं सगळं उपटा.”

सुतारपक्ष्यानं ब्रेक पुन्हा बसवला. गाडी उताराला लागली. ब्रेक मोठमोठ्यानं ओरडत होता. तरीही चाकाखाली सारायचा दगड छातीशी धरून तुरक्या पायथ्यापर्यंत गाडीपुढे उलटा चालत राहिला.