तानूबाईंचा अंगठा

एका गावात एक संगणक होता, आणि तो रोज सकाळी जुन्या काळात जागा व्हायचा.

तो होता रंगनाथच्या केंद्रात. गावाचे दाखले, अर्ज सगळे तिथूनच व्हायचे. संगणकाच्या पोटातला बटणाएवढा सेल संपला होता. त्यामुळे बंद केला की त्याला दिवस आठवत नसे. सकाळी सुरू केला की तारीख दाखवायचा एक जानेवारी, तीही वीस वर्षांपूर्वीची.

प्रत्येक खऱ्या संकेतस्थळाकडे मुदतीचं ओळखपत्र असतं. संगणक आधी ते तपासतो. पण याची स्वतःचीच तारीख चुकलेली, म्हणून खरं ओळखपत्रही त्याला खोटं वाटे. मग पडद्यावर लाल पाटी यायची, 'ही जोडणी सुरक्षित नाही.'

तारीख नीट करायला दोन मिनिटं पुरली असती. रंगनाथ मात्र 'तरीही पुढे जा' यावर बोट मारायचा.

"ओरडू दे त्याला. म्हाताऱ्याला खोकल्याची सवय असते तसं आहे ते," तो म्हणायचा. लोक हसायचे. तीन वर्षं तो ती पाटी न वाचताच पुढे जात होता.

एका सोमवारी तानूबाई हयातीच्या दाखल्यासाठी आल्या. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेची घंटा वाजवली होती. महिनाअखेरपर्यंत हयातीची नोंद झाली नाही, तर निवृत्तिवेतन थांबणार होतं.

"बस आत्या. जिवंत आहेस एवढं सरकारला कळवून टाकू," रंगनाथ म्हणाला.

"कळव बाबा. मलाही अधूनमधून शंका येते."

सकाळी रंगनाथच्या मोबाईलवर एक निरोप आला होता, 'हयातीच्या नोंदीसाठी नवा पत्ता.' त्यातलाच पत्ता रंगनाथने उघडला. लाल पाटी आली. त्याचं बोट आपोआप पुढे गेलं.

एरवी हयातीचं पान उघडायला पाव तास लागायचा. आज ते लगेच उघडलं, जणू कोणी दाराआड वाट बघत उभं होतं.

'अंगठा ठेवा.' तानूबाईंनी ठसे घेणाऱ्या यंत्रावर अंगठा ठेवला.

'आता दुसरा.' त्यांनी दुसराही ठेवला.

'आता सगळी बोटं.' आणि त्याखाली, 'घरात आणखी कोण आहे?'

"यंदा फारच चौकशा करतंय," रंगनाथ पुटपुटला.

तानूबाई पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. घंटेवर आयुष्य गेलेलं. नजर आधी घड्याळावरच जायची.

"रंगा, आज याची तारीख बरोबर दिसते रे."

"हो. काल घड्याळवाल्या रहीमचाचांनी नवा सेल बसवून दिला."

"मग आज तो कशाला ओरडला?"

रंगनाथचा हात थांबला. पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटली, 'थांबलात का?'

त्याने भिंतीतून तारच ओढली. पडदा काळा झाला. तानूबाई आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"रंगा, माझा अंगठा आता कुठे आहे?"

यंत्राला दोष देणं सोपं होतं. रंगनाथने केंद्राला कुलूप लावलं आणि तो तानूबाईंना घेऊन तालुक्याच्या बँकेत गेला. साहेबांपुढे उभा राहून म्हणाला, "चूक माझी आहे. मला सावध केलं होतं. मी वाचलं नाही."

साहेबांनी खातं तपासलं. मग हळूच म्हणाले, "बाई, गेल्या तासाभरात तुमचा अंगठा तीन गावांत उठलाय, आणि दरवेळी पैसे निघालेत."

"मी तर याच्या स्कूटरवर होते," तानूबाई म्हणाल्या.

खातं बंद केलं, तक्रार लिहिली, हयातीची नोंद समोरासमोर झाली. जे पैसे गेले होते ते रंगनाथने स्वतःहून भरून दिले. पण अंगठा काही बदलून मिळत नाही. आजही कधी कुठल्या अनोळखी गावाहून तानूबाईंना निरोप येतो, 'आपला अंगठा मिळाला.' त्या मुकाट्याने हात पदराखाली घेतात.

रंगनाथच्या केंद्रात आता लाल पाटी आली की सगळं काम थांबतं. तो ती मोठ्याने वाचतो. आणि कोणी हसत नाही.

तात्पर्य: खोट्या इशाऱ्याचं कारण वेळीच दूर करावं; तो डावलायची सवय लागली, की खरा इशाराही आपण तसाच डावलतो.