वाघाचे मागचे पाय

रावसाहेब इंगवल्यांनी हुकूम सोडला आणि कोल्हापुरातल्या त्यांच्या ऑफिसात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. ‘वाघजाईचा पहारा’ हा त्यांचा पिक्चर पुढच्या शुक्रवारी लागणार होता. गावोगाव गाजावाजा व्हायला हवा होता, थिएटर भरायला हवं होतं. पण पिक्चरमधलं काही म्हणजे काही आधी दाखवायचं नाही! ना गाणं, ना मारामारी, ना हिरोचं तोंड. फुकटात बघायला मिळालं की तिकीट कोण काढतो, असा त्यांचा सवाल होता.

जाहिरातीचं काम बघणाऱ्या माणसानं हात जोडले आणि जो घरी गेला तो फिरकलाच नाही. कपडेपटातली शालन लोहार तेवढी कोपऱ्यात हिरोच्या अंगरख्याची उसवलेली बाही शिवता शिवता खुदकन हसली.

“हसायला काय झालं गं?” रावसाहेब गरजले.

“काही नाही साहेब. सोपं वाटलं.”

“मग तूच कर. थिएटर भरलं तर मागशील ते देईन. पण पिक्चरमधलं काही दाखवलंस, तर सुईदोरा उचलायचा आणि चालू पडायचं.”

बोलून तर गेली, पण घरी जाताना शालनला एकही युक्ती सुचेना. जेवणही जाईना. उगाच मोबाईल चाळत बसली, आणि शूटिंगच्या वेळी आईला दाखवायला म्हणून काढलेले व्हिडिओ समोर आले.

पिक्चरमधल्या वाघाचं कातडं शालननंच शिवलं होतं. आत दोन माणसं असत. पुढच्या पायांत बाबू शिंगाडे, मागच्या पायांत इसाक मुल्लाणी. एका व्हिडिओत बाबूनं डावीकडे झेप घेतली, इसाकभाईंनी उजवीकडे, आणि वाघ मधोमध टरकन फाटला. दुसऱ्यात वाघ निवांत बसला होता आणि शेपटीजवळून एक हात चहाचा कप मागत होता. तिसऱ्यात घामाघूम इसाकभाई तक्रार करत होते, “अख्ख्या पिक्चरभर वाघ झालो, पण बाबूच्या पाठीपलीकडं काही दिसलं नाही बघा.”

शालननं दोघांना विचारलं. त्यांनी आनंदानं होकार दिला. मग रोज एक व्हिडिओ लोकांच्या मोबाईलवर सुटू लागला आणि प्रत्येकाच्या शेवटी शालनचा आवाज यायचा, “डरकाळी फोडताना इसाकभाई शिंकले होते. ती शिंक पिक्चरमध्ये राहिली का? शुक्रवारी ऐका.”

चार दिवसांत पानपट्टीपासून कॉलेजपर्यंत तोच विषय झाला. रावसाहेबांना पत्ता लागला तो एका लग्नात. अक्षता टाकायला गेले, तर नवरदेवानंच विचारलं, “साहेब, मागचे पाय बरे आहेत ना?”

शुक्रवारी ते शालनला हाकलायच्या तयारीनंच थिएटरवर आले, तर दाराशी रेटारेटी. कसेबसे मागच्या रांगेत टेकले. वाघाचा प्रसंग जवळ आला तशी पोरं शिंक ऐकायला कान टवकारून बसली, बाया आधीच हसू लागल्या. तेवढ्यात झुडपातून डरकाळी आली, वाघानं झेप घेतली, आणि अख्खं थिएटर किंचाळलं. शिंकेची कुणाला आठवणही राहिली नाही. शेजारच्या पैलवानानं रावसाहेबांच्या दंडाला मिठी मारली. रावसाहेबांनीही पाय खुर्चीवर घेतले होते.

बाहेर येताच त्यांनी शालनला गाठलं. भोवती गर्दी जमली.

“थिएटर भरलंस, मान्य. पण माझी अट मोडलीस. पिक्चरमधलं काही दाखवायचं नाही, असं बजावलं होतं की नाही?”

“बजावलं होतं साहेब. म्हणून मी फक्त बाबू शिंगाडे आणि इसाकभाई दाखवले.” शालन शांतपणे म्हणाली. “आता तुम्हीच सगळ्यांसमोर सांगा, तुमच्या पिक्चरमध्ये ही दोन माणसं कुठं दिसतात?”

दिसतात म्हणावं, तर वाघ खोटा ठरतो. नाही म्हणावं, तर अट शाबूत राहते. रावसाहेबांनी तोंड उघडलं आणि त्यातून असं गडगडाटी हसू फुटलं की डोक्यावरचा फेटा कानावर आला.

“कुठंच नाही गं बाई! माग, काय मागायचं ते.”

पुढच्या पिक्चरच्या जाहिरातीचं सगळं काम शालननं मागून घेतलं. शिवाय वाघाच्या मागच्या पायांना आतून एक छोटा पंखा.

दोन्ही मागण्या जागच्या जागी मंजूर झाल्या.