झुबकीची मूठ

हात मांडीवर ठेव बघू. दोन्ही. शेवटी लागणार आहेत. हं, आता ऐक.

एक होती खार. एवढीशी. शेपटी मात्र ही एवढी, झुबकेदार. म्हणून तिचं नाव झुबकी.

झुबकी एकदा कडुलिंबावरून पडली. धप्प. उजवा हात मोडला. डॉक्टर बगळेकाकांनी हाड जुळवलं. हाताला प्लास्टर घातलं. खूप दिवस प्लास्टर. खूप दिवस आई भरवायची. झुबकीला ते मुळीच आवडायचं नाही. "माझी मी खाईन," म्हणायची.

आज प्लास्टर निघालं. आईने जपून ठेवलेली शेंग काढली. साधीसुधी नाही हं. तीन दाण्यांची.

"भरवू?" आई म्हणाली.

"नको. माझी मी."

झुबकीने शेंग धरली. टुप्. पडली. पुन्हा धरली. टुप्. पुन्हा पडली. बोटं ताठ. मिटतच नाहीत.

झुबकीला रडू आलं. "आई, माझी मूठ हरवली."

"वानरमावशीकडे जा," आई म्हणाली. "हात बरे करते ती. शेंग मी सांभाळते."

झुबकी निघाली. दुखरा हात पोटाशी लपवला, कुणाचा धक्का नको लागायला. तुरु तुरु टुण्, तुरु तुरु टुण्.

वानरमावशी वडाखाली बसली होती. भोवती ही गर्दी. बेडकाचं कोपर आखडलं होतं. मावशी ते हळूच वाकवायची, हळूच सरळ करायची. सरड्याचं मनगट मुरगळलं होतं. मावशीने त्याला सालीची पट्टी बांधली, अगदी त्याच्या मापाची. उंदराचा अंगठा दुखत होता. त्याला दिला पिठाचा गोळा, दाबत बस म्हणाली. काय मावशीचे हात. मऊ मऊ आणि शहाणे. बघत राहावं.

झुबकी म्हणाली,
"मावशी, मावशी, मूठ दे.
मुठीत धरीन शेंग."

मावशीने एकेक बोट हलवून पाहिलं. फुंकर घातल्यासारखं, हलकेच.

"हाड छान जुळलंय," ती म्हणाली. "बोटं खूप दिवस झोपली होती, म्हणून ताठ झालीत. आधी ऊब देऊ त्यांना. पण माझं मेण संपलंय ग. आधी मेण, मग मूठ. आणि ऐक. हात लपवू नकोस. हळूहळू वापर. दुखलं तर थांब. थांबून पुन्हा कर."

झुबकीने मान हलवली. आणि हात पुन्हा पोटाशी लपवला. आहे की नाही गंमत?

तुरु तुरु टुण्, तुरु तुरु टुण्. झुबकी गेली मधमाशीकडे.

"माशीताई, माशीताई, मेण दे.
मेण देईन मावशीला. मावशी देईल मूठ.
मुठीत धरीन शेंग."

"गुं गुं," माशी म्हणाली. "देईन की. पण आधी फूल, मग मेण."

तुरु तुरु टुण्, तुरु तुरु टुण्. झुबकी गेली कारल्याच्या वेलीकडे.

"वेलताई, वेलताई, फूल दे.
फूल देईन माशीला. माशी देईल मेण.
मेण देईन मावशीला. मावशी देईल मूठ.
मुठीत धरीन शेंग."

"सळ सळ," वेल म्हणाली. "देईन की. पण तहान लागलीय मला. आधी पाणी, मग फूल."

तुरु तुरु टुण्, तुरु तुरु टुण्. झुबकी गेली ओढ्याकडे.

"ओढेदादा, ओढेदादा, पाणी दे.
पाणी घालीन वेलीला. वेल देईल फूल.
फूल देईन माशीला. माशी देईल मेण.
मेण देईन मावशीला. मावशी देईल मूठ.
मुठीत धरीन शेंग."

"खळ खळ," ओढा म्हणाला. "देईन की. पण नेशील कशात? आधी बोळकं, मग पाणी."

तुरु तुरु टुण्, तुरु तुरु टुण्. झुबकी गेली कुंभारआजोबांकडे.

"आजोबा, आजोबा, बोळकं द्या.
बोळक्यात भरीन पाणी.
पाणी घालीन वेलीला. वेल देईल फूल.
फूल देईन माशीला. माशी देईल मेण.
मेण देईन मावशीला. मावशी देईल मूठ.
मुठीत धरीन शेंग."

गर गर, आजोबांचं चाक फिरत होतं. "देईन की, बाळा," आजोबा म्हणाले. "पण मातीत खडे फार झालेत. खडा राहिला की मडकं तडकतं. आधी खडे काढ, मग बोळकं."

खडे? झुबकीने हात आणखी आत लपवला. तुरु तुरु टुण्, तुरु तुरु टुण्. गेली आजोबांच्या गाढवाकडे.

"गाढवदादा, गाढवदादा, खडे काढ.
खडे काढलेस की आजोबा देतील बोळकं.
बोळक्यात भरीन पाणी.
पाणी घालीन वेलीला. वेल देईल फूल.
फूल देईन माशीला. माशी देईल मेण.
मेण देईन मावशीला. मावशी देईल मूठ.
मुठीत धरीन शेंग."

गाढवाने एक खूर उचलून दाखवला. मग दुसरा. मग तिसरा. मग चौथा.

"माती मी आणली," गाढव म्हणालं. "माती मी तुडवली. पण खडे कशाने काढू, बाई? मला बोट नाही. एकसुद्धा नाही. तुला बघ किती आहेत."

पुढे जायला आता कुणी नव्हतं.

डाव्या हाताने तिने मातीचं ढेकूळ धरलं. मग खडा कोण काढणार? उजवा हात. तो पोटाशी लपलेला. झुबकीला भीती वाटली. फार भीती वाटली. पुन्हा मोडला तर?

मग तिला मावशी आठवली. दुखलं तर थांब. थांबून पुन्हा कर.

झुबकीने हात बाहेर काढला. खडा धरला. टुप्. पडला. दुखलं. थांबली. थांबून पुन्हा केलं. टुप्. पुन्हा पडला. थांबली. थांबून पुन्हा केलं.

टुक्. निघाला एक.

टुक्. निघाला दुसरा.

टुक्, टुक्, टुक्. खड्यांचा ढीग झाला. माती झाली लोण्यासारखी. गाढव म्हणालं, "वा." गाढव सहसा कुणाला वा म्हणत नाही हं.

आजोबांनी दिलं बोळकं. भाजलेलं, खणखणीत. टण्ण.
बोळक्यात भरलं पाणी. बुडुक बुडुक.
मनगट वाकडं केलं, पाणी घातलं वेलीला. वेलीने दिलं फूल.
चिमटीत धरलं फूल, दिलं माशीला. माशीने दिलं मेण.
मेण आणलं मावशीला.

आणलं कशात? ते झुबकीच्या लक्षातच आलं नाही. मावशीच्या मात्र आलं. मावशी गालात हसली.

तिने मेण वितळवलं. कोमट होऊ दिलं. आधी स्वतःचं बोट बुडवून पाहिलं. मग झुबकीचा हात बुडवला. बुडुक. बाहेर काढला. हाताला पिवळा मोजा. आत ऊब ऊब. झुबकीचे डोळेच मिटले.

मावशीने मोजा सोलला. बोटं चोळली, एकेक, एकेक.

"आता मीट बघू," मावशी म्हणाली.

एक बोट मिटलं. दुसरं मिटलं. तिसरं मिटलं. करंगळी जरा वरच राहिली.

"राहू दे तिला. रोज येत जा, तीही मिटेल," मावशी म्हणाली. "बाकीची मूठ घेऊन जा."

"मावशी, तू मला मूठ दिलीस," झुबकी म्हणाली.

"मी ऊब दिली," मावशी म्हणाली. "खडे कुणी काढले? पाणी कुणी घातलं? फूल कुणी धरलं? आणि मेण कशात आणलंस, सांग."

झुबकीने आपल्या हाताकडे पाहिलं. मेण मुठीतून आणलं होतं. मूठ वाटेतच सापडली होती. झुबकी इतकी हसली की शेपटीसुद्धा हलली.

तुरु तुरु तुरु तुरु. टुण् नाही आता. हात पोटाशी नव्हताच.

आई दारातच उभी होती. शेंग हातात. "भरवू?" ती म्हणाली.

"नको. माझी मी."

झुबकीने शेंग धरली. पडली का? नाही पडली. कट्ट. फुटली. आत तीन दाणे.

एक दाणा झुबकीने खाल्ला. स्वतःच्या हाताने. मटामटा.

दुसरा तिने चिमटीत धरला आणि म्हणाली, "आई, आ कर."

इतके दिवस आईने तिला भरवलं होतं. आज तिने आईला भरवलं. आईचे डोळे भरून आले. दाणा मात्र तिने मटकन खाल्ला.

आणि तिसरा?

तिसरा तुझ्यासाठी ठेवलाय. मांडीवरचा हात पुढे कर. हा घे लुटुपुटीचा दाणा. आता बोटं मीट बघू. एक, दोन, तीन, चार. अंगठा वरून.

झाली मूठ.