सुतारपक्ष्याचा वर्ग खाली उतरला

करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका जंगलात एक म्हातारा सुतारपक्षी राहत असे. रुतलेले काटे काढण्यात त्याचा हात, म्हणजे चोच हो, कुणी धरू शकत नसे! त्याच्या दवाखान्यात पक्षी-प्राणी सगळेच उमेदवारी करत. जखम धुणं, पाला बांधणं सगळ्यांना शिकायला मिळे. पण खोलवरचं नाजूक काम तो रोज सकाळी सावरीच्या उंच फांदीवर बसून, लाकडात काटे रोवून शिकवी. "आमच्याकडे कुणालाही मज्जाव नाही," तो अभिमानाने सांगे, "ज्याला शिकायचंय त्याने खुशाल वर यावं." आणि बाळांनो, तो हे अगदी मनापासून सांगे.

उमेदवारांत एक चिचुंद्री होती. डोळ्यांनी अधू, पण मिशांनी केसभर फरक ओळखणारी. रोज सकाळी ती बुंध्याशी बसून वर मान करी. वरून लाकडाचा भुसा तेवढा नाकात येई. तीन वर्षांत बिचारी शिंकण्यात मात्र पटाईत झाली!

एके दिवशी हरिणी आपल्या पाडसाला घेऊन आली. पाडसाच्या खुरात बोरीचा काटा मोडून आतच राहिला होता, पाय टम्म सुजला होता. "वैद्यबुवा, पाणवठा आटला. कळप उद्या निघतोय," हरिणी रडवेली झाली. "हे असं लंगडत मागे राहिलं तर बिबट्या टपलेलाच आहे हो." सुतारपक्ष्याने दोनदा चोच घातली. दोन्ही वेळा पाडस किंचाळलं, काटा जागचा हलेना. त्याचा पट्टशिष्य भारद्वाजही हरला. तेवढ्यात पाय धरून बसलेली चिचुंद्री हळूच म्हणाली, "गुरुजी, काटा आत वाकलाय. सरळ चोचीला यायचा नाही. माझ्या मिशांना लागतोय."

"अगं मग काढ की!"

"कसा काढू? शिरा कुठे असतात, किती खोल जायचं, ते मला कुठे ठाऊक आहे? ते तुम्ही वर शिकवता."

"मग वर का नाही आलीस? मी तुला कधी नको म्हटलं होतं का?"

"नाही हो गुरुजी. तुम्ही तर या, या म्हणत होतात," चिचुंद्री म्हणाली, "पण मला पंख कुठे आहेत?"

बिचाऱ्या सुतारपक्ष्याला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की काय सांगू! मग तो चिखलात, अगदी तिच्या कानाशी येऊन बसला. "घाबरू नकोस. मी सांगतो तसं कर. आधी डावीकडे वळ. धडधड लागतेय? ती शीर, तिला शिवू नकोस. आता खालून काट्याचं टोक दातात धर. हं, आता वाकडा आहे तसाच वळवत आण." चिचुंद्रीने मिशा अगदी स्थिर ठेवल्या. काटा बाहेर आला, मागोमाग पू आला आणि पाडसाने दमून आईच्या पोटाशी मान टाकली. दुसऱ्या दिवशी ते कळपाबरोबर चालत गेलं.

त्याच सकाळी सुतारपक्ष्याने वर्ग बुंध्याशी भरवला. ससा आला, मुंगूस आलं, कासव तर उजाडायच्या आधीच निघालं होतं. भारद्वाजाने नाक मुरडलं, "गुरुजी, इथे पिसं मळतात!"

"मळू देत," सुतारपक्षी म्हणाला. "डोळे मीट आणि वाकडा काटा कसा चाचपायचा, ते आधी हिच्याकडून शिकून घे. मीही शिकतोय."

तात्पर्य : ज्याला आपल्या दारापर्यंत पोहोचता येत नाही, त्याच्याकडे विद्येनेच चालत जावं.