कड्याची पाळी

ज्याला तहान लागत नाही, त्याच्या वाट्याचे पाणी तहानलेल्याला दिले, तर त्यात चूक काय, सांगा बरे? सोनजी पाटकऱ्यालाही त्यात चूक दिसली नव्हती.

उंबरखोरे नावाच्या एका गावात हा सोनजी राहत असे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचे, ते तो पाहायचा. खांद्यावर फावडे, मनगटावर घड्याळ. गावाची एक जुनी रीत होती. ज्याचे शेत त्या हंगामात पडीक असेल, त्याची पाळी पाटकऱ्याने गरजवंताला द्यावी. मालकाला विचारायचेही कारण नाही. वीस वर्षांत सोनजीने ना भावाला ओंजळभर पाणी जास्त दिले, ना वैऱ्याला ओंजळभर कमी. लोक म्हणत, "देव एक वेळ चुकेल, पण सोनजी नाही." हे ऐकले की सोनजी मान खाली घाली. पण शब्द मात्र कानात जपून ठेवी.

गावाच्या डोक्यावर एक कडा होता आणि कड्याखाली सात घरांची वरली आळी. एका पावसाळ्यात दरड कोसळली आणि गजराबाईचा गोठा दोन बैलांसकट गाडला गेला. गजराबाई एकटीच राहणारी, साठीची विधवा. तिने अर्ज लिहवून घेतला, वरल्या आळीतल्या सगळ्यांचे अंगठे आणि सह्या घेतल्या आणि तालुक्याला खेपांवर खेपा घातल्या. दोन वर्षांनी समोरच्या टेकडीवर एक मोठा चपटा फळा उभा राहिला. त्यावर बोटभर रुंदीच्या शेकडो चौकटी होत्या. गाव त्याला आरसा म्हणू लागले.

तो बसवायला आलेल्या इंजिनीअर मॅडमनी चावडीत सगळ्यांना समजावून सांगितले, "हा आरसा स्वतः काही पाठवत नाही. डोंगरापलीकडच्या टॉवरच्या लहरी याच्यावर पडतात. आपण सांगू तिकडे हा त्या वळवतो. कड्याकडे वळवल्या, की त्या कड्यावर आपटून परत येतात. त्यावरून ही पेटी कालची आणि आजची जागा ताडून बघते. दगड बोटभर जरी सरकला, तरी भोंगा वाजेल. गावाकडे वळवल्या, तर तुमच्या मोबाईलला रेंज मिळेल. पण एका वेळी एकच काम. पावसाळ्यात सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी सहा ते सात कड्याची वेळ. ती मोडायची नाही."

"म्हणजे हा पाटच की!" सरपंच दौलतराव म्हणाले. "एकीकडे सोडला, की दुसरीकडे कोरडं."

सगळ्यांनी एकदम सोनजीकडे पाहिले. पेटी चावडीतच होती. तिला दोन बटणे होती. एकावर गाव लिहिले होते, एकावर कडा. सोनजीने पेटीला हळदकुंकू वाहिले आणि त्या दिवसापासून आरशाच्या पाळ्याही त्याच्याकडे आल्या.

पहिला महिना घड्याळाच्या काट्यावर गेला. मग एका संध्याकाळी कड्याच्या वेळेला ठकूबाई धावत आली. तिचा मुलगा सुरतेला गिरणीत होता.

"दादा, दहाच मिनिटं गावाकडं वळव रे. पोरगा तापानं फणफणलाय. त्याला याच वेळेला सुट्टी असते."

सोनजीला दया आली. त्याने बटण दाबले. ठकूबाई मुलाशी बोलली, रडली, सोनजीला आशीर्वाद देऊन गेली. कड्याला काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. त्यांना वरिष्ठांना काही कळवायचे होते. तिसऱ्या दिवशी तरुण मंडळी आली. त्यांची क्रिकेटची मॅच होती.

"पोरांनो, आता कड्याची पाळी आहे," सोनजी म्हणाला.

"सोनजीभाऊ, कड्याला कुठं सासरी फोन लावायचाय?" एकाने विचारले, आणि चावडी खदखदून हसली. सोनजीही हसला.

त्या हसण्यात त्याला आपली जुनी रीत आठवली. कडा म्हणजे पडीक शेतच. पीक नाही, तहान नाही, तक्रार करायला तोंड नाही. मग त्याची पाळी गरजवंताला का देऊ नये? पण सोनजी न्यायाने वागणारा माणूस. त्याने चावडीच्या भिंतीवर खडूने नावांची यादी केली. प्रत्येकाला दहा मिनिटे. सरपंचांनाही अकरावे मिनिट नाही. थोड्याच दिवसांत सकाळचा तास भरला आणि मग संध्याकाळचाही. गाव म्हणू लागले, "पाणी वाटतो तशीच रेंजपण वाटतो. देवमाणूस!"

श्रावणातल्या एका दुपारी गजराबाई इरले घेऊन चावडीत आली.

"सोनजी, आमची पाळी कोणाला दिलीस?"

"मावशी, ही बघा यादी. एकालाही मिनिटभर जास्त नाही."

"वाटलंस नीट. पण वाटलंस कोणाचं?"

सोनजी म्हणाला, "अहो, कडा गप्प आहे. भोंगा एकदा तरी वाजला का?"

"तो गप्प आहे, की तू त्याला विचारतच नाहीस?" गजराबाई म्हणाली. "माझ्या घरामागचा झरा परवापासून गढूळ वाहतोय. गोठा गेला तेव्हा असंच झालं होतं."

सोनजी म्हणाला, "आज सहाला आरसा कड्याकडे. सोनजीचा शब्द आहे, मावशी."

"मग झालं. भोंगा वाजला, तर मी निघते. नाही वाजला, तर चूल पेटवते." एवढे बोलून ती घरी गेली. सोनजीच्या शब्दावर तिचाही विश्वास होता.

त्याच दिवशी गावाने सोनजीचा सत्कार ठरवला होता. सुरतेची, पुण्याची मुले तो सोहळा मोबाईलवर पाहणार होती. पाच वाजता सुरू होऊन साडेपाचला संपेल, असे सोनजीने धरले होते. पण सरपंचच यायला उशीर झाला. त्यांचे भाषण सुरू झाले, तेव्हा सहाला पाच मिनिटे कमी होती.

"सोनजीभाऊ म्हणजे न्यायाचा पुतळा!" दौलतराव बोलत होते. "यांच्या घड्याळावर सूर्यानं चालावं!"

सोनजीने मनगटाकडे पाहिले. सहा वाजले होते. तो अर्धवट उठला. पेटी चार पावलांवर होती. बटण दाबले असते, तर गावोगावच्या मोबाईलवरून त्याचा सत्कार त्याच क्षणी नाहीसा झाला असता.

"बस ना रे दादा," ठकूबाई समोरून मोबाईल धरून म्हणाली. "पोरगा माझा बघतोय तुला."

शाल अजून यायची होती. सोनजी बसला. 'भाषण संपलं, की लावतो,' तो मनात म्हणाला. मग शाल आली, श्रीफळ आले. मग गुरुजी बोलायला उभे राहिले.

पावणेसातला दगडांनी भरलेली शंभर वाहने एकदम रिकामी व्हावीत, तसा आवाज झाला.

वरल्या आळीतल्या सहा घरांची माणसे सत्काराला आली होती, म्हणून ती वाचली. सातवे घर गजराबाईचे. माती उपसून लोक तिच्यापर्यंत पोचले, तेव्हा ती चुलीजवळ सापडली. शेजारी परातीत मळलेले पीठ होते.

सोनजी चावडीत परतला. त्याने पेटीतली नोंद पाहिली. कड्याकडे शेवटचे पाहिल्याला एकोणीस दिवस झाले होते. शाल खांद्यावरून ओढून काढत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हे माझ्यामुळं झालं."

"खुळा का तू?" दौलतराव म्हणाले. "पावसाचं काम हे. तिचं बोलावणं आलं होतं."

"मी तिला शब्द दिला होता. भोंगा वाजला असता, तर..."

"सोनजीभाऊ," दौलतराव त्याच्या जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "त्या भिंतीवर आमचीही नावं आहेत. सगळ्या गावाला आरोपी करतोस का? तू चांगला माणूस आहेस. चांगलाच राहा."

ठकूबाईने आपल्या पदराचे टोक भिजवले आणि भिंतीवरची नावे पुसायला लागली. कोणी तिला थांबवले नाही. सगळी पुसली गेली, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "सोनजीसारखा माणूस मिळायचा नाही." सोनजीने मान खाली घातली. ती शाल लोकांनीच पुन्हा त्याच्या खांद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता सोनजी पेटीपाशी आला. कड्याच्या उरलेल्या भागात एक उभी भेग दिसत होती, आणि तिच्या खाली वरल्या आळीची माणसे मातीतून आपली भांडी शोधून काढत होती. सोनजीचे बोट कड्याच्या बटणावर होते. तेवढ्यात दौलतराव आले आणि म्हणाले, "मयताचा निरोप पाहुण्यांना द्यायचाय. अर्धाच तास." सोनजीने आरसा गावाकडे वळवला.

तात्पर्य: हिरावून घेतलेला वाटा कितीही सारखा वाटून दिला, तरी तो न्याय होत नाही, आणि चांगले म्हणवून घेण्याची ज्याला चटक लागली आहे, त्याच्या हाती कोणाच्या जिवाची राखण देऊ नये.