राजाचं डोकं कोण धरणार?

राजाचा हुकूम आला, ‘आम्ही समुद्र ओलांडून फ्रान्सला निघालो आहोत. डोकं धरायला हजर व्हावे.’ तो ऐकून सरदार सर ऑस्बर्ट मटकन खालीच बसला.

त्या काळी इंग्लंडातल्या सरदारांना जमिनी काही फुकट मिळत नसत. कुणी राजासाठी लढाईवर जाई, कुणी त्याचे ससाणे सांभाळी. ऑस्बर्टच्या खापरपणजोबाला ब्रॅम्बलकोटची जहागीर मिळाली होती ती एका अटीवर. राजा जहाजात असेतोवर त्याला बोट लागू नये, मळमळू नये म्हणून या घराण्याने त्याचं डोकं धरून उभं राहायचं. नाही धरलं तर जहागीर खालसा! पण मधल्या काळात एकही राजा समुद्राकडे फिरकला नाही आणि हे घराणं बसून खाण्यात मोठं पराक्रमी झालं. ऑस्बर्टला तर गावच्या तळ्यातल्या होडीतही मळमळायचं.

“हविसा, तू चल बरोबर,” तो स्वयंपाकघरातल्या मुलीला म्हणाला. “मला काही झालं तर बादली धरायला कुणी तरी हवं.”

“आणि राजाचं डोकं, धनी?”

“ते बघू.”

जहागीर गेली तर काय होईल, हे हविसाला ठाऊक होतं. ऑस्बर्ट आळशी असला तरी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण शेजारचा सर फल्क जहागिरीवर डोळा ठेवून होता. ती हातात आली की सगळं गाव उठवायचं आणि शिकारीचं रान करायचं, असं तो उघड बोलून दाखवी. म्हणजे हविसाच्या बापाचं घर-शेत, आईचा वाटाण्याचा वाफा, सगळं हरणांच्या पायाखाली जाणार. तिने बादली उचलली.

जहाजावर सर फल्क आधीच येऊन बसला होता. असली मजा तो कशाला सोडेल?

शीड फुगलं, जहाज हललं. ऑस्बर्टने दोन्ही हात राजाच्या कपाळाकडे नेले, आणि ते पोचायच्या आत त्याच्याच पोटाने दगा दिला. हविसा बादली घेऊन धावली, पण ऑस्बर्टचं तोंड नेमकं राजाच्या मखमली झग्याकडे वळलेलं. झगा वाचवायला राजाने पटकन त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि बादलीकडे वळवलं. सोडलं की डोकं पुन्हा झग्याकडे! शेवटी फ्रान्सचा किनारा दिसेपर्यंत इंग्लंडचा राजा आपल्या सरदाराचं डोकं धरून उभा राहिला.

“महाराज, अट मोडली,” फल्क हात चोळत म्हणाला. “मी डोळ्यांनी पाहिलं. याने आपल्या डोक्याला बोटसुद्धा लावलं नाही. उलट आपणच याचं डोकं धरलंत.”

राजाचे हात अवघडले होते आणि डोकं तापलं होतं. “खरं आहे. याने माझं डोकं धरलं असं कुणी दाखवून देत असेल तर द्या. नाही तर बंदरात उतरल्या उतरल्या ब्रॅम्बलकोट फल्कला दिल्याची द्वाही फिरवतो.”

ऑस्बर्ट बादलीत तोंड घालून बसला होता. हविसाच पुढे झाली.

“फिरवा, महाराज. पण नीट सगळं सांगून फिरवा. बंदरावर फ्रान्सचे सरदार आपल्या स्वागताला उभे आहेत. त्यांनाही कळू द्या.”

“काय कळू द्या?”

“आपल्याकडची रीत. डोकं धरतो तो चाकर, ज्याचं धरतात तो धनी. आता सर फल्क सांगतात की येताना महाराजांनी सर ऑस्बर्टचं डोकं धरलं. हे फ्रान्सच्या सरदारांनी ऐकलं, तर मुजरा आधी कुणाला करतील?”

राजाने बंदराकडे पाहिलं. मग बादलीतून वर आलेल्या ऑस्बर्टच्या हिरव्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“ऑस्बर्ट,” तो गंभीरपणे म्हणाला, “तू माझं डोकं फार छान धरलंस हो.”

“पण महाराज, मी स्वतः पाहिलं...” फल्क ओरडला.

“तुला बोट लागली होती, फल्क. तुला काय दिसणार?” म्हणत राजा पोट धरधरून हसायला लागला. हसता हसता त्याने हविसाला जवळ बोलावलं. “पोरी, आजपासून तू कुणाची बांधलेली चाकर नाहीस. तुझ्या बापाचं घर-शेत कायमचं त्याच्या नावे. आणखी काय हवं?”

“एकच, महाराज. परतताना धनी आपलं डोकं धरतीलच. पण त्यांचं पोट नाजूक. त्यांचंही डोकं कुणी धरायला हवं.”

“तू आहेस की.”

“मी आता चाकर नाही ना, महाराज,” हविसा म्हणाली आणि तिने सर फल्ककडे पाहिलं.

राजा एवढा हसला, की शेवटी त्याचंच डोकं धरावं लागलं. परतीच्या जहाजात पुढे राजा उभा होता, त्याचं डोकं धरून ऑस्बर्ट आणि ऑस्बर्टचं डोकं धरून सर फल्क. बादलीही फल्कच्याच पायाशी होती.